खोडलेलं नाव त्याला कसं कळलं?

उमाशंकरच्या घरचा कॉम्प्युटर मंद झाला होता. बटण दाबलं की तो जागा होईपर्यंत नीलाबाईंच्या दोन भाकरी थापून, भाजून टोपल्यात पडायच्या. घरात प्रत्येकाचा त्यावर आपापला उपाय होता. उमाशंकर डब्याच्या बाजूला एक चापट मारायचा. त्याची आई नीलाबाई यांनी दसऱ्याला हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालून पडद्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधली होती. चार वर्षांचा बसू की-बोर्डवर फुंकर घालायचा. यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं. तुमच्या-आमच्या किती घरांत याहून वेगळं घडतं?

चैन पडत नव्हतं ते एकट्या मंजुश्रीला. मंजुश्री ही उमाशंकरची बायको, बसूची आई. बी.एस्सी. झालेली, पण गल्लीत तिची ओळख वेगळीच होती. ती झोपताना चपला उशाशी ठेवायची. गॅसची कळ तीनदा बघायची. पिंपातलं पाणी उगीच हललं तर पोराला काखेत मारून अंगणात जायची. उमाशंकर तिला चिडवायचा, "लातूरला वेधशाळेची गरजच न्हाई. आमच्या घरात एक हाय."

यामागचं कारण त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मंजुश्रीचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच्या आधी वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरायची, भिंतीला बारीक भेगा पडायच्या, आणि तिचे वडील त्या मातीनं लिंपून टाकायचे. वर पांढरा हात मारला की भेग होती हेही विसरायला व्हायचं. त्या पहाटे भिंत खाली आली ती नेमकी लिंपलेल्या जागेतून, आणि तिची आजी त्या भिंतीखाली गेली. तेव्हापासून लहानसहान खुणांकडे डोळेझाक करणं मंजुश्रीला जमलंच नाही.

आता कॉम्प्युटरच्या खुणा तिला दिसत होत्या. कोणी बसलेलं नसताना इंटरनेटच्या डबीवरचा दिवा धावल्यासारखा लुकलुकायचा. आतला पंखा रिकाम्या वेळी घुरघुरायचा. पडद्याच्या कोपऱ्यातलं रखवालदाराचं चिन्ह, म्हणजे अँटिव्हायरसचं, गेले अडीच महिने लाल होतं. आणि ते तिनंच लाल केलं होतं.

त्याचं असं झालं. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या त्या गल्लीत सात घरं आणि सगळ्यांत मिळून कॉम्प्युटर एकच, मंजुश्रीकडे. शहरात शिकवण्यांचं पेव फुटलेलं. देगलूरपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं लातुरात खोल्या करून राहिलेली. मोठ्या क्लासच्या सराव परीक्षा विकत घ्यायच्या तर हजारांत जायचं. अशात कुठून तरी एक पेन ड्राइव्ह आला. त्यात त्याच सराव परीक्षा, सगळ्या, फुकट. शेजारणीकडून विरजण आणावं, आणि आपलं दही लागलं की पुढच्या घरी वाटी द्यावी, तसा तो पेन ड्राइव्ह शहरभर घरोघर फिरत मंजुश्रीकडे आला. विरजण कोणाच्या घरचं, हे जसं कोणी विचारत नाही, तसं याचंही मूळ कोणी विचारलं नाही. सोबत एक चिठ्ठी होती : 'आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही.' मंजुश्रीचा हात क्षणभर थांबला होता. पण समोर जिक्रा बसली होती, डोळ्यांत जीव आणून.

जिक्रा ही शेजारच्या निजामोद्दीन चाचांची मुलगी. चाचांचं गोलाईत कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं छोटं दुकान, तिसऱ्या पिढीचं. बारावीला जिक्राला असे गुण पडले की गल्लीनं पेढे वाटले. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. चाचांची एकच अट होती. कॉलेज नांदेडचं. तिथं जिक्राची खाला, म्हणजे मावशी, राहते, तिच्या घरी राहून शिकायचं. नांदेडला नंबर लागला तर शिक्षण, नाहीतर इथंच बी.ए. कर आणि घरी राहा. पोरीला त्याहून लांब पाठवायची त्यांची छाती होत नव्हती.

म्हणून बुधवारी जिक्रानं मंजुश्रीकडे बसून पसंतीक्रमाचा अर्ज भरला तो पहिल्या जागी नांदेड टाकूनच. शनिवारी संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. त्यानंतर अर्जातलं अक्षरही हलणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चाचा दुकान उघडं टाकून मंजुश्रीच्या दारात आले. हातात कानस तशीच होती. मागं जिक्रा, ओढणीचं टोक चावत.

"सूनबाई, एक फोन आला होता," चाचा म्हणाले. फोन करणारा माणूस स्वतःला प्रवेशाचा सल्लागार म्हणवत होता. नांदेड विसरा, म्हणाला, तुमच्या मुलीचा नंबर आमच्या कॉलेजातच लागणार आहे, आमची माणसं आत आहेत, आजच येऊन जागा पक्की करा. चाचांनी विश्वास ठेवला नाही. तेव्हा त्यानं खात्रीसाठी अर्जातलं सगळं घडाघडा वाचून दाखवलं, आणि वर एक गोष्ट सांगितली.

ती सांगताना चाचांचा आवाज खाली गेला. "म्हणाला, तुमच्या पोरीनं आधी पहिल्या जागी औरंगाबाद टाकलं होतं, मग खोडून नांदेड केलं. खरं हाय का हे?"

जिक्राच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि उत्तर त्यातच मिळालं. तिला औरंगाबादला जायचं होतं. ते नाव एकदा, फक्त एकदा, पहिल्या जागी लिहून बघावं असं तिला वाटलं, आणि लगेच तिनं पुसलं. हे तिनं मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. तिनं मान वर करून मंजुश्रीकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि तो मंजुश्रीला सुरीसारखा लागला.

"मी नाही ग बोलले कोणाला," ती म्हणाली. "मला तर माहीतच नव्हतं. तू लिहीत होतीस तेव्हा मी आत बसूला भरवत होते."

आणि बोलता बोलता ती थांबली. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत शिकलेलं डोकं अशा वेळी चालू लागलं. खोडलेलं नाव अर्जात नव्हतं. छापील प्रतीवर नव्हतं. वेबसाइटवर पोचलंच नव्हतं, कारण जमा करायच्या आधीच ते पुसलं होतं. म्हणजे 'आतल्या माणसां'ना ते कळायचा रस्ता नव्हता. खोलीत जिक्रा एकटी होती. मग ते नाव ठाऊक असलेलं तिथं दुसरं कोण होतं?

तिनं हळूच मान वळवली. कोपऱ्यात कॉम्प्युटर बसला होता. लिंबू-मिरची लटकत होती. आणि डबीवरचा दिवा धावत होता.

मंजुश्रीनं जिक्राला पासवर्ड विचारून अर्ज उघडला. पहिल्या जागी नांदेड नव्हतं. तिथं कधी न ऐकलेल्या एका कॉलेजचं नाव होतं, कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातलं. हे असंच राहिलं तर उद्या पाच वाजता जिक्राचं शिक्षण संपणार होतं, आणि ते मंजुश्रीच्या घरात, तिच्याच हातानं बंद केलेल्या रखवालदारामुळे! तिनं घाईघाईनं नांदेड परत वर आणलं. पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक केला. सगळ्यांनी श्वास सोडला. नीलाबाईंनी चहा टाकला. चहा उकळून कपात येईतो मंजुश्रीनं पुन्हा उघडून पाहिलं, तर नवा पासवर्ड चालेना. तिच्याआधी कोणी तरी तो बदलून बसलं होतं.

"आता कसं हो?" नीलाबाई म्हणाल्या.

चाचा इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं कुलपं उघडली होती. त्यांनी विचारलं, नवा पासवर्ड कुठं लिहिला? मंजुश्रीनं की-बोर्डकडे बोट केलं.

"मंग तेच झालं," चाचा म्हणाले. "बेटी, माझ्या धंद्यात शहाणा चोर कुलूप फोडत न्हाई. तो पाहुणा बनून घरात येतो, किल्ली साबणाच्या वडीवर दाबतो, ठसा घेतो, आन किल्ली होती तिथंच ठेवून जातो. कुलूप शाबूत, कडी शाबूत, घर साफ. इथं बी ठसा घेणारा गेलेला न्हाई. अजून खोलीतच बसून हाय, आन तू त्याच्याच समोर नवी किल्ली कानसून राहिली."

मंजुश्रीनं वाकून इंटरनेटची वायर उपटली. धावता दिवा विझला.

जिक्रानं आपल्या चुलतबहिणीला, उमैमाला फोन लावला. उमैमा उदगीरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या पाहुण्याचं नाव सांगितलं : कीलॉगर. आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपून मालकाकडे धाडणारा चोरटा प्रोग्राम. खोडलेलं अक्षरही त्याच्या वहीत राहतं, कारण खोडायची कळही तो टिपतो. फुकटच्या परीक्षेच्या पोटात बसून तो आला, आणि रखवालदाराला बाहेर काढायला त्यानं घरच्यांनाच सांगितलं. उमैमानं बजावलं, त्या मशिनवर आता काही लिहू नका. उद्या सकाळी ओळखपत्र आणि अर्जाची छापील प्रत घेऊन प्रवेशाच्या मदत केंद्रावर जा, पासवर्ड तिथल्या कॉम्प्युटरवरून बदला. शेवटी तिनं विचारलं, "भाभी, त्या मशिनवर अजून कोण कोण बसतं?"

सगळी गल्ली बसत होती. सात घरांचे अर्ज, शिष्यवृत्त्या, विजेची बिलं, सगळं त्याच कळांवरून गेलेलं.

संध्याकाळी उमाशंकर बियाणांचं दुकान बंद करून आला. सगळं ऐकल्यावर तो गंभीर झाला. जिक्राचं उद्या करू, म्हणाला, पण गल्लीत बोलू नको. लोक तोंडात शेण घालतील. वायर काढलीस ना, झालं. हळूच नवीन मशिन घेऊ, कोणाला कळणारही नाही.

मंजुश्री नवऱ्यापुढं सहसा आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही.

"अहो, माझ्या वडिलांनी भेगा लिंपल्या त्या आळसानं नाही, लाजेनं लिंपल्या. पाहुण्यारावळ्यांना दिसू नयेत म्हणून. मी आज गप्प बसले तर उद्या कोणाची तरी भिंत पडेल, आणि भेग मला ठाऊक असेल."

उमाशंकरनं मान खाली घातली. मग कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "चल. मी बी येतो."

दिवेलागणीला दोघं गल्लीतली बाकीची सगळी घरं फिरले. सोपं नव्हतं ते. एका दारात, फुकटच्या परीक्षा वाटताना बऱ्या गोड लागल्या, असा टोमणा मिळाला. दुसरीकडे दार अर्धंच उघडलं. शेवटच्या घरातली साखराबाई मात्र पदर खोचून खोखो हसली. "माझा पासवर्ड चोरला? त्यात चोरायसारखं काय हाय माय? माझं नाव आन पुढं एक-दोन-तीन. रस्त्यावरचं कुत्रं बी ओळखंल." पण हसता हसताच तिचा चेहरा उतरला. तिचा भाचा भीमाशंकर याचा अर्जही बुधवारीच भरला होता, मंजुश्रीच्याच घरी.

शनिवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी चौघं दारात उभे होते. मंजुश्री, जिक्रा, चाचा आणि भीमाशंकर. केंद्रातल्या बाईंनी ओळखपत्रं पाहिली, छापील प्रती ताडून घेतल्या, पासवर्ड रद्द करून दोघांना नवे दिले. आधी भीमाशंकरचा अर्ज उघडला. त्याचीही पहिली पसंती बदललेली, कॉलेज तेच! मंजुश्री रात्री गप्प बसली असती तर त्या मुलाला हे मुदत संपल्यावर कळलं असतं. त्याचा अर्ज दुरुस्त झाला, पक्का झाला, शिक्का मारलेली प्रत हातात आली.

मग जिक्रा बसली. तिनं परकं कॉलेज काढलं आणि नांदेडसाठी कळ दाबायला बोट उचललं.

"थांब," चाचा म्हणाले.

पोरीच्या मागं उभे राहून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चोर येऊन माझ्या पोरीच्या मनातलं वाचून गेला. मी बाप असून मला वाचता आलं न्हाई. काल दुपारपासून हेच माझ्या डोक्यात फिरून राहिलं. कुलूप माल ठेवायला असतं बेटी, पोरीला ठेवायला न्हाई. ते खोडलेलं नाव वर टाक."

जिक्राला क्षणभर कळा दिसेनात. मंजुश्रीनं स्वतःच्या पदरानं तिचे डोळे पुसले. मग जिक्रानं एकेक अक्षर टाकलं, आणि या वेळी खोडलं नाही. पहिलं औरंगाबाद, दुसरं नांदेड. अर्ज पक्का झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. पाचला अजून कितीतरी वेळ होता!

तिथून चौघं थेट पोलीस ठाण्यात गेले. फोन करणाऱ्याचा नंबर, बदललेल्या अर्जांच्या प्रती आणि तो पेन ड्राइव्ह असं सगळं देऊन लेखी तक्रार नोंदवली. चाचांना आलेला तसला फोन पुन्हा कोणालाच आला नाही.

रविवारी उमैमा उदगीरहून आली, आणि मंजुश्रीचा ओटा शाळा झाला. बसूचे फोटो तेवढे तपासून बाजूला काढले. बाकी सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा केला आणि त्यात रीतसर विकत घेतलेली, कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली घातली, चोरीची नाही. उमैमा करत गेली आणि मंजुश्री वहीत उतरवत गेली. रखवालदार कायम जागा, त्याला रोज नवी माहिती. प्रणालीचं अपडेट आलं की 'नंतर' म्हणायचं नाही, कारण चोराला सापडलेली भेग बुजवायलाच ते आलेलं असतं. रोजच्या कामाला साधं खातं, ज्यातून नवीन काही बसवताच येणार नाही. मालकीचं खातं वेगळं आणि त्याचा पासवर्ड घरात एकाकडे. बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही. मग सातही घरांनी कोऱ्या मशिनवर आपापले पासवर्ड बदलले. साखराबाईनं तर एवढा अवघड ठेवला की संध्याकाळी विसरून पुन्हा आली. त्याच्यावर गल्ली दोन दिवस हसली.

यादी लागली त्या दिवशी जिक्रा धावत आली ती बोलूच शकत नव्हती. नुसतं बोट नाचवत होती, एक, एक! पहिली पसंती. चाचांनी दुकानाला कुलूप लावलं आणि गोलाईतून पेढ्यांचा पुडा आणला. पहिला पेढा त्यांनी मंजुश्रीच्या हातावर ठेवला आणि उमाशंकरकडे वळून म्हणाले, "तुमची वेधशाळा लई कामाची हाय." उमाशंकर लाजून हसला. त्यानंतर त्यानं तिला त्या नावानं चिडवलं नाही. उलट कोणी दुकानात येऊन काही फुकट देऊ लागला की तोच विचारतो, "आधी सांगा, रखवालदार बंद करावा लागंल का?"

पुढच्या दसऱ्याला नीलाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन कॉम्प्युटरपुढं आल्या. हात उचलला आणि थांबल्या.

"सूनबाई, ते अपडेट झालं का?"

"झालं, आत्याबाई."

"मंग ठीक हाय. आधी पहारा, मंग पूजा," म्हणत त्यांनी कुंकू लावलं.

वाचकहो, यंत्राची पूजा करणारे आपण लोक, त्याला हार घालू, नारळ फोडू. त्यात वाईट काही नाही. पण ज्या घरात आपल्या मुलांची स्वप्नं टंकली जातात, त्या घराच्या दारात पहारा आहे का, हे आज एकदा उठून पाहा. फुकट म्हणून आलेली वस्तू रखवालदाराला बाहेर काढा म्हणत असेल, तर तीच चोर आहे. आणि चूक झालीच, तर ती लिंपू नका, शेजाऱ्याला सांगा. मंजुश्री घाबरत होती हे खरं, पण ती बघत होती आणि बोलली, म्हणून दोन मुलांचं भविष्य वाचलं. नुसत्या भीतीनं घर राखलं जात नाही. ते राखतात उघडे डोळे, आणि वेळेवर उघडलेलं तोंड.